कापडाखालचे लाकूड

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचे एक खेडे आहे. तेथे बर्नार्ड पीटनपोल नावाचा एक स्वयंशिक्षित यंत्रकारागीर राहत असे. १९२९ साली त्याने स्वतः बांधलेल्या एका लाकडी विमानावर फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचे इंजिन चढवले आणि ते उडवून दाखवले. विमानासाठी म्हणून खास घडवलेली इंजिने त्या काळी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. मोटारीचे इंजिन मात्र गावोगाव मिळे, आणि ते बिघडले तर दुरुस्त करणारा माणूसही जवळपास सापडे. मोटारीच्या इंजिनावर विमान उडवणे व्यवहार्य नाही असे यांत्रिक विषयांना वाहिलेल्या एका मासिकाच्या संपादकाचे मत होते. पीटनपोलने आपली विमाने त्याच्यासमोर नेऊन उतरवली. संपादक दिलदार असावा, कारण १९३२ साली त्याच मासिकाच्या प्रकाशकांनी या विमानाचे आराखडे छापून लोकांच्या हाती दिले. त्या विमानाचे नाव ‘एअर कँपर’. आज शंभरी जवळ आली तरी जगात कोठे ना कोठे, एखाद्या मोटारखान्यात किंवा धान्याच्या कोठारात, कोणी तरी त्याच आराखड्यांवरून ते विमान बांधीत असतो.

या विमानाची घडण आज जुन्या वळणाची दिसते, आणि बांधणाऱ्यांपैकी पुष्कळांना तिची ओढ असते ती त्याचसाठी. पंख एकच, छत्रीसारखा डोक्यावर उभारलेला, सुमारे २९ फूट लांबीचा. धड स्प्रूस जातीच्या लाकडाच्या पट्ट्यांचे आणि प्लायवुडचे. रिकाम्या विमानाचे वजन सुमारे ६०० पौंड, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी बैलाहून जास्त नाही. बसावयाच्या जागा दोन, दोन्ही उघड्या आणि एकीमागे एक. इंजिन पाण्याने थंड राखावयाचे असल्यामुळे त्याचा रेडिएटर पुढच्या बैठकीसमोर उभा असतो व समोरचे बरेचसे आकाश झाकून टाकतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे तिच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे: या विमानात प्रवासी पुढे बसतो आणि चालक मागे. उड्डाणाचा सारा वेळ चालकाच्या दृष्टीसमोर प्रवाशाची मान असते.

हे सारे छंदिष्टांच्या कौतुकाचे म्हणून सोडून देता आले असते. परंतु या छंदाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो मला केवळ विमानापुरता वाटत नाही. जी वस्तू आपण स्वतः घडवली, जिच्यावर आपले वर्षानुवर्षांचे श्रम आणि जीव जडला, ती निर्दोष आहे की नाही याचा निवाडा आपण स्वतः करू शकतो काय? आणि करू शकत असलो, तर कोणत्या अधिकाराने?

अमेरिकन कायद्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर मोठे धिटाईचे आहे. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी वा मनोरंजनासाठी बांधला असेल, तर त्याला ‘प्रायोगिक’ या वर्गात उडण्याची अनुज्ञा मिळते. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाला जी कसोट्यांची दीर्घ मालिका पार करावी लागते ती याला लागू नाही. सरकारी निरीक्षक अथवा त्याने नेमलेला प्रतिनिधी येऊन कागदपत्रे व विमान पाहून जातो. पुढे पहिले २५ किंवा ४० तास ते ठरावीक टापूतच उडवावे लागते आणि त्या काळात प्रवासी घेता येत नाही. ते तास पुरे झाले की विमान मोकळे होते. दर १२ महिन्यांनी त्याची संपूर्ण तपासणी झाली पाहिजे, आणि ती करण्याचा दाखला प्रमुख बांधणाऱ्याला, त्याने मागितल्यास, त्या एका विमानापुरता मिळतो. म्हणजे असे की, वर्षातून एकदा तो माणूस स्वतःच्याच हातांनी केलेल्या वस्तूची झडती घेतो आणि नोंदवहीत लिहून सही करतो की, हे विमान तपासले व सुरक्षितपणे चालवण्यास योग्य आढळले. कर्ता तो, परीक्षक तो, परीक्षेत चूक झाली तर पहिला बळीही बहुधा तोच.

या सहीचा अर्थ समजण्यासाठी विमानाच्या पोटात डोकावले पाहिजे. पंखाच्या दोन मुख्य तुळया असतात. त्यांवर तीसेक लाकडी बरगड्या ओवलेल्या असतात. एकेक बरगडी म्हणजे साच्यात बसवून चिकटवलेल्या बारीक काड्यांचा एक लहानसा पूलच. प्रत्येक सांध्यावर प्लायवुडचा तुकडा, आणि सगळ्याला धरून ठेवणारा सरस. पूर्वी हा सरस दुधातील केसीनपासून करीत. तो कोरड्या हवेत उत्तम टिके, पण ओल लागली की त्याला बुरशी धरे. पुढे कृत्रिम राळेचे सरस आले, त्यांनी ती भीती कमी केली. मात्र त्यांचेही स्वभाव आहेत. एकाला सांधा अगदी घट्ट आवळलेला लागतो, दुसरा भर उन्हात तापला की मऊ पडू लागतो, म्हणून अशा विमानांचा रंग फिका ठेवणारे पुष्कळ आहेत. सांधा नुसता पाहून त्याचे बळ कळत नाही. बाहेरून एकसारखे दिसणाऱ्या दोन सांध्यांपैकी एक लाकडाहून बळकट असतो आणि दुसरा हाताच्या झटक्याने सुटतो. यासाठी कसबी माणसे सरसाचे प्रत्येक मिश्रण कालवताना त्यातूनच दोन फालतू तुकडे चिकटवून ठेवतात, आणि तो सुकला म्हणजे ते तुकडे मुद्दाम मोडून पाहतात. लाकूड फाटले आणि सरस तसाच राहिला तर मिश्रण चांगले. सरसाच्या रेषेवर सांधा स्वच्छ उकलला, तर त्या दिवशी केलेले सर्व काम संशयास्पद. ते सर्व काम काढून टाकावे लागते, आणि ते काढून टाकण्याचा निर्णय मोटारखान्यात एकट्यानेच, रात्री, कोणी पाहत नसताना घ्यावयाचा असतो.

मग या सांगाड्यावर कापड चढते. पूर्वी सुती किंवा लिननचे असे, आता बहुधा पॉलिस्टरचे. ते ताणून, बरगड्यांना दोऱ्याने शिवून, त्यावर रोगणाचे हात दिले की पंख ढोलाच्या कातड्यासारखा ताठ होतो आणि विमान विमानासारखे दिसू लागते. बांधणाऱ्याच्या आयुष्यातील हा मोठ्या आनंदाचा दिवस. पण त्याच दिवसापासून आतले लाकूड दृष्टीआड होते. पुढे पंधरा-वीस वर्षे ते कोणालाही पूर्णपणे दिसणार नाही. तपासणीसाठी ठेवलेल्या लहान लहान झरोक्यांतून दिवा व आरसा घालून जेवढे दिसेल तेवढेच. खालच्या अंगाला पाणी निथळण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात. ती धुळीने वा रंगाने बुजली की पाणी आत साठते आणि लाकूड कुजू लागते, तेही सांध्याच्या आतून. आमच्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ज्यांनी पावसाळ्यापूर्वी काठावर ओढलेले व्हडे पाहिले आहे, त्याच्या फळ्यांवर बोटाच्या पेराने टकटक करीत फिरणारा म्हातारा पाहिला आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. भरीव लाकडाचा आवाज एक आणि कुजक्याचा दुसरा. फरक एवढाच की, व्हड्याचे लाकूड उघडे असते.

व्हड्यावरून आठवण होते ती विल्यम क्लिफर्डची. हा इंग्लिश गणितज्ञ अवघ्या ३३ व्या वर्षी, १८७९ साली वारला. पण त्याआधी दोन वर्षे त्याने श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला, आणि त्याच्या आरंभीच्या दृष्टांताने तत्त्वज्ञांना आजतागायत स्वस्थ बसू दिलेले नाही. एक जहाजमालक आहे. त्याचे जहाज जुने, मुळात फारसे चांगले न बांधलेले, अनेकदा डागडुजी झालेले. देशांतरास निघालेली कुटुंबे घेऊन ते निघावयाचे आहे. मालकाच्या मनात शंका येते की जहाज सागरयोग्य आहे काय. पण तपासणीला खर्च आहे. तो स्वतःची समजूत घालतो: आजवर इतक्या सफरी सुखरूप झाल्या, इतकी वादळे पार पडली, परमेश्वर एवढ्या लेकरांना वाऱ्यावर सोडील कसा? हळूहळू त्याला मनापासून वाटू लागते की जहाज उत्तम आहे. तो हलक्या मनाने त्याला निरोप देतो, आणि जहाज भर समुद्रात बुडाल्यावर विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याची श्रद्धा प्रामाणिक होती हे मान्य. तरी तो अपराधी आहे, कारण समोर असलेल्या पुराव्यावर तशी श्रद्धा बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि जहाज बुडाले नसते तरी त्याचा अपराध रतीभरही कमी झाला नसता. हे लिहिणारा क्लिफर्ड १८७० साली ग्रहण पाहण्यासाठी निघाला असता सिसिलीच्या किनाऱ्याजवळ स्वतः जहाजफुटीतून वाचला होता, ही गोष्ट त्याच्या दृष्टांताला एक वेगळेच वजन देते.

आता आपला विमान बांधणारा आणि हा जहाजमालक यांत एक उघड भेद आहे. मालक किनाऱ्यावर राहिला. बांधणारा स्वतः विमानात बसतो. या भेदामुळे सारे चित्र पालटते असे वरवर पाहता वाटते. ज्याने स्वतःचा प्राण पणाला लावला, त्याच्या श्रद्धेला आणखी कोणता दाखला हवा? लोकव्यवहारात आपण हाच न्याय लावतो. वैद्याने औषधाचा पहिला घोट स्वतः घेतला की आपला विश्वास बसतो. नवा पूल बांधणारा अभियंता त्याखाली उभा राहिला की आपण निर्धास्त होतो.

मला हा न्याय फसवा वाटतो. स्वतःचा प्राण पणाला लावल्याने एकच गोष्ट सिद्ध होते, ती ही की तो माणूस लबाड नाही. त्याचे म्हणणे खरे आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि जहाजमालकाचा अपराध लबाडीचा होता असे क्लिफर्ड कोठे म्हणतो? त्याचा अपराध होता शंकेचा गळा दाबण्याचा. तो अपराध करण्यासाठी किनाऱ्यावर राहणे आवश्यक नाही.

याचे उदाहरण विमानांच्याच इतिहासात आहे, आणि ते दुःखद आहे. फ्रान्समधील आंरी मिन्ये याने १९३३ साली एक चिमुकले विमान उडवले. त्याचे नाव त्याने ठेवले ‘आकाशातली पिसू’. दोन पंख एकामागे एक, पुढचा पंख बिजागरीवर कलणारा. तो कलवला की विमान वर किंवा खाली जाई. साधी सुतारी ज्याला जमते त्याला हे विमान जमेल, असा त्याच्या १९३४ सालच्या पुस्तकाचा सूर होता. ते पुस्तक हातोहात खपले, पुढच्या वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले, आणि १९३५ च्या ऑगस्टमध्ये मिन्ये आपले विमान घेऊन इंग्लिश खाडी ओलांडून आला तेव्हा तर लोकांना वेडच लागले. शिपाई, दुकानदार, शाळामास्तर पिसू बांधू लागले. आणि मग माणसे मरू लागली. विमान नाक खाली करून सूर मारी आणि त्यातून वर येतच नसे. १९३६ साली फ्रान्समध्ये व इंग्लंडमध्ये पूर्णाकृती विमान वायुबोगद्यात ठेवून पाहिले तेव्हा कारण उमगले. विमान ठरावीक मर्यादेपलीकडे खाली कलले की दोन पंखांमधील फटीतून वारा अशा रीतीने वाहतो की मागच्या पंखाची उचल वाढते. अशा वेळी चालक जिवाच्या आकांताने दांडा मागे ओढतो, तेणेकरून पुढच्या पंखाचा मागला काठ खाली येतो, आणि फटीचा तो परिणाम अधिकच बळावतो. बचावाची स्वाभाविक क्रियाच घात करीत होती. ब्रिटनने या विमानांचे परवाने थांबवले.

मिन्येच्या प्रामाणिकपणाविषयी कोणालाही संशय घेता येणार नाही. ते विमान त्याने स्वतः पुष्कळ उडवले होते. पण ते त्या विशिष्ट कोनापर्यंत बहुधा त्याने कधी नेलेच नसावे. आणि त्याचा अनुभव जेथे संपत होता तेथे त्याचे ज्ञानही संपत होते, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला जहाजमालकाच्या पंक्तीस बसवावे काय? मला तसे म्हणवत नाही. मालकाच्या मनात शंका आली होती आणि त्याने ती मारली. मिन्येच्या मनात ती आलीच नाही. परंतु जो माणूस हजारोंना सांगतो की तुम्हीही हे करा, त्याच्यावर न आलेली शंका शोधून काढण्याचेही दायित्व येते असे मला वाटते. एकट्यापुरते धाडस करणाराला ते दायित्व इतके जड नाही. आराखडा छापला की धाडसाचे रूपांतर शिकवणीत होते. मिन्येच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की त्याने दोष सुधारला, १९६५ साली मरेपर्यंत तो नव्या रचना करीत राहिला, आणि त्या कुळातील सुधारलेली विमाने फ्रान्समध्ये अद्यापि उडतात.

अज्ञान हे मिन्येचे निमित्त झाले. परंतु ज्याच्यापाशी ज्ञानाची वाण नव्हती अशाचे काय? स्टीव्ह विटमन हे नाव अमेरिकेतील हौशी विमानकारांत आदराने घेतले जाते. शर्यतींची विमाने त्याने बांधली, ‘टेलविंड’ या त्याच्या रचनेवरून शेकडो लोकांनी विमाने केली, आणि हौशी विमानकारांचा मोठा मेळावा जेथे दरवर्षी भरतो त्या ऑशकॉशच्या विमानतळाला त्याचेच नाव आहे. १९९५ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, तो स्वतः बांधलेल्या विमानातून पत्नीसह जात असता अलाबामा राज्यावर विमान हवेतच मोडले आणि दोघेही मरण पावली. चौकशीत आढळले की पंखावरचे कापड लाकडापासून सुटले होते, कारण ते चढवताना एका पद्धतीची द्रव्ये दुसऱ्या पद्धतीच्या द्रव्यांशी मिसळली गेली होती. त्यातून पंख व एलेरॉन फडफडू लागले आणि पुढचे सारे क्षणार्धात झाले. पाऊणशे वर्षांच्या अनुभवाने हाताला आलेला विश्वासच येथे नडला असेल काय? त्याच्या मनात काय होते हे आपल्याला कळणे शक्य नाही, आणि मृताच्या मनात शिरून निवाडा देण्याचा अधिकार मला नाही. एवढे मात्र दिसते की, कौशल्य हे साक्षीला पर्याय होऊ शकत नाही.

‘साक्षी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. आपल्या धर्मशास्त्राने माणसाच्या आत्म्यालाच त्याचा परम साक्षी मानले आहे. पण आपल्या दर्शनांनी त्याच शब्दाला एक अट जोडली, ती आपण विसरतो. सांख्यांचा पुरुष साक्षी आहे, कारण तो काहीच करीत नाही. उपनिषदातील एकाच झाडावरच्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो, आणि दुसरा न खाता नुसता पाहतो. पाहणारा तो साक्षी. म्हणजे साक्षित्वाची अट उदासीनता ही आहे. आणि आपला विमानकार तर कर्ताही आहे व भोक्ताही. त्याने आठ-दहा वर्षांच्या संध्याकाळी त्या लाकडाला दिल्या आहेत. त्याच्या बायकोने त्या संध्याकाळी सोसल्या आहेत. शेजारी रोज विचारतो की केव्हा उडणार. अशा माणसाने तुळईवर एक केसासारखी रेघ पाहिली, तर ती रंगाची चीर आहे की लाकडाची, हे ठरवणारा पक्षी कोणता?

कर्त्याला साक्षी होता येतच नाही, असा निष्कर्ष यातून निघतो काय? मला वाटते, स्वभावाने होता येत नाही. पण रीतीने थोडेफार होता येते. मोडून पाहावयाचे ते फालतू तुकडे ही अशीच एक रीत आहे. सरस लावताना माणूस उत्साहात असतो; दुसऱ्या दिवशी तुकडा मोडणारा माणूस तोच असला तरी त्याच्या मनातील उत्साह ओसरलेला असतो, आणि तुकड्याला त्याच्या आशेशी काही देणेघेणे नसते. तपासणीची छापील यादी हीही तशीच रीत. यादी कारागिराला काहीही नवे शिकवत नाही. तिच्यातील प्रत्येक कलम त्याला ठाऊकच असते. ती त्याला फक्त आपल्याला वाटेल तेथे थांबू देत नाही. नोंदवहीतील गेल्या वर्षीची ओळ हीही साक्षच, कारण ती लिहिणारा मी आणि आज वाचणारा मी यांच्यामध्ये एक वर्षाचे अंतर पडलेले असते. एका देहातील दोन पक्ष्यांना वेगळे करण्याचा, माझ्या अल्प मतीला दिसणारा, उपाय म्हणजे काळाचे हे अंतर आणि कागद.

आता पुढच्या बैठकीतल्या माणसाकडे वळू. कायद्याने अशा विमानावर ‘प्रायोगिक’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहावयास लावला आहे, आणि प्रवाशाला दिसेल अशी एक पट्टीही लावावी लागते. तिचा आशय असा की, हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून प्रमाणित विमानांच्या सुरक्षानियमांत बसत नाही. वाचून बसणारा आपल्या जबाबदारीवर बसला, असे त्यातून ध्वनित होते. पण संमती म्हणजे वाचणे नव्हे. शेजाऱ्याची बारा वर्षांची मुलगी ती पट्टी वाचू शकते; तिला त्यातून काय कळते? ती बसते ती पट्टीवर विश्वास ठेवून नव्हे, काकांवर विश्वास ठेवून बसते. आणि त्या काकांचा विश्वास कशावर आहे हे विचारण्याचे तिला सुचणारही नाही. स्वतःचा प्राण मी पणाला लावला तर तो माझा अधिकार, असे म्हणणारांशी मी फार वाद घालणार नाही, जरी घरी वाट पाहणारी माणसे त्या अधिकाराचा काही वाटा मागू शकतील. परंतु ज्या क्षणी पुढच्या बैठकीत कोणी तरी चढते, त्या क्षणी मागे बसलेला तोच कारागीर क्लिफर्डच्या जहाजमालकाच्या जागी येतो. तो स्वतः जहाजावर आहे, याने त्या मुलीचा काहीच लाभ होत नाही.

विमान विकले गेले म्हणजे तर प्रश्न आणखी अवघड होतो. बांधणाऱ्याला मिळालेला तपासणीचा दाखला विमानाबरोबर विकत मिळत नाही. नव्या मालकाला परवानाधारक यंत्रज्ञ शोधावा लागतो. कायद्याचे हे तर्कशास्त्र मला अगदी योग्य वाटते: तो दाखला विमानाचा नव्हताच, तो त्या लाकडाच्या स्मरणाचा होता. १९९७ साली गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडून मेला, ते विमान दुसऱ्या एका हौशी माणसाने बांधलेले होते. इंधनाची टाकी बदलण्याची कळ मूळ आराखड्याप्रमाणे न बसवता चालकाच्या खांद्यामागे, हात सहज पोचणार नाही अशा जागी बसवलेली होती, आणि तिच्यावर खुणाही नव्हत्या. तो बदल करणाऱ्याला तो सवयीचा असेल. घेणाऱ्याला तो अनोळखी होता.

इतके वाचून कोणी म्हणेल की, मग हा उद्योग बंदच करावा. मी तसे म्हणत नाही. कारखान्यातील विमानांचेही दोष असतात, आणि त्यांच्या प्रमाणपत्रांमागेही अखेर कोणी तरी माणूसच सही करीत असतो, ज्याला त्या सहीखाली स्वतः बसावयाचे नसते. हौशी विमानकाराची चूक निदान त्याच्याच नावावर राहते. शिवाय सावधगिरीच्या नावाखाली माणसाच्या हातांकडून हे काम काढून घेतले तर जे गमावते त्याचीही किंमत मोजली पाहिजे. मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव या वैमानिकाने सहा आसनांचे विमान बांधले, २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि २०१७ साली त्याची नोंदणी झाली. गच्चीवर विमान बांधणाऱ्याला आधी हसणाऱ्या आणि मग त्याच्याबरोबर छायाचित्र काढून घेणाऱ्या समाजात आपण राहतो. याच मुंबईत १८९५ साली तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवले, असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. आणि ज्या ग्रंथाचा आधार देऊन प्राचीन विमानविद्येचे पोवाडे गायले जातात, त्यातील विमाने उडणे शक्य नाही असे बंगळूरच्या विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली दाखवून दिले, तरी पोवाडा थांबत नाही. गच्चीवरच्या विमानाला निदान निरीक्षकासमोर उभे राहावे लागले. ज्याला कोणी कधीच मोडून पाहावयाचे नाही असा सांधा नेहमीच पक्का राहतो.

म्हणून मला या साऱ्या व्यवहारात सर्वांत मोलाची वाटते ती एक बिनसरकारी चाल. हौशी विमानकारांच्या संघटनेत, जी १९५३ साली विस्कॉन्सिनमध्ये स्थापन झाली, अनुभवी माणसे विनामूल्य दुसऱ्याचे काम पाहण्यास जातात. त्यांच्या हाती कसलाही अधिकार नसतो. ते काही मंजूर करीत नाहीत, काही नामंजूरही करीत नाहीत. पूर्वी सरकारी निरीक्षक कापड चढवण्याआधी एकदा येऊन जात असे. तो येईनासा झाला, तेव्हापासून या पाहुण्याचे महत्त्व वाढले आहे. तो येतो, कोट काढून ठेवतो, आणि उघड्या पंखाभोवती दिवा घेऊन फिरतो. घरधनी चहा विचारतो आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. आठ वर्षांत या पंखाकडे असे कोणी पाहिलेले नसते.

एखाद्या बरगडीपाशी पाहुणा थांबतो, नखाने सरसाची रेषा चाचपतो, आणि विचारतो, “या दिवसाचा तुकडा ठेवला आहे का?”

घरधनी फळीवरचा डबा काढतो. त्यात तारखा लिहिलेले मोडके तुकडे असतात. तो त्यांतून शोधू लागतो.